लाकडी पेटीचा डेक

प्रिय चिमणे,

तुझे फोन येताहेत आणि मी उचलत नाहीये. कारण सांगतो, पण आधी डेकचं ऐक, नाहीतर माझाच धागा सुटेल.

बाबांच्या कपाटात सापडलेली कॅसेट कधी ऐकवतोस म्हणून तू मागे लागली होतीस. साहजिक आहे. आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतीस, तिचा आवाज तुला माहीतच नाही. आपला डेक केव्हाच भंगारात गेला, म्हणून जुन्या डेकच्या दुकानात गेलो. दुकान एका बाईंचं आहे. चष्मा कपाळावर, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि गिऱ्हाईक म्हणजे कामातली कटकट असा चेहरा. मला त्या आवडल्या. बाबा गेल्यापासून जो तो माझ्या पाठीवर हात ठेवतोय. यांनी नुसतं स्टूल पुढे सरकवलं.

पहिला डेक चंदेरी, काटे नाचवणारा. त्यात आई शाळकरी पोरीसारखी भरभर बोलली. दुसरा लाकडी पेटीचा, त्यात तीच आई जाड, दमलेल्या आवाजाची. बाई म्हणाल्या, बेल्ट सैल झाला की डेक हळू चालतो, तुमचा मूळचा कसा चालायचा कोण जाणे. स्क्रू पिळून हवा तसा वेग करून देते, पण थांबायचं कुठे ते तुम्ही सांगा. मला सांगता येईना. आईचा आवाज मला लख्ख आठवतो असं तुला आयुष्यभर छातीठोकपणे सांगत आलो, आणि तिथे ठोंब्यासारखा बसून राहिलो. वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही. त्या दिवसांत काहीच वाटत नव्हतं. जेवायचो, कामावर जायचो, दाढी करायचो.

घरी आल्यावर सुचलं. कॅसेटवर बाबा माउथऑर्गन वाजवताहेत आणि तो त्यांच्या ड्रॉवरमध्येच आहे. तो खिशात घालून पुन्हा दुकानात गेलो. बाबा जिथे लांब सूर धरतात तिथे मी तोच सूर फुंकायचा आणि बाईंनी स्क्रू पिळायचा, असं चाललं होतं. रस्त्यावरच्या लोकांची चांगली करमणूक झाली असेल. चंदेरी डेक काही केल्या स्थिर राहीना. लाकडी पेटीवर मात्र दोन्ही सूर जवळजवळ येत गेले आणि एक झाले. बाईंनी हात काढून घेतला. पुढे आई बोलली, "अहो, हळू वाजवा ना, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

चिमणे, तो तुझा आवाज आहे. "ना" लांबवायची खोडसुद्धा तुझीच. मी डेक घेतला, घरी आणून बाबांच्या टेबलावर ठेवला. डोळे कोरडेच. खात्री करावी म्हणून तुला फोन लावला. तू म्हणालीस, "दादा, बोल ना," आणि मी फोन ठेवून दिला. बाबा गेले तेव्हा जे रडू आलं नव्हतं ते तेव्हा आलं, बराच वेळ. सकाळी उठलो तर पुन्हा सगळं सुन्न. फोनवर मला जमणार नाही. तू घरी ये. आपण डेक लावू, आणि नंतर तू शेजारी बसून काहीबाही बोलत राहा.

तुझाच, फोन न उचलणारा,
दादा