रेवंती माघारी फिरते तेव्हा

शिरूर अनंतपाळ,
मंगळवार

प्रिय रुद्राणी,

डब्यात चटणीच्या पुडीखाली चिठ्ठी बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर तू "हाव, जेवले" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले.

आधी कबुली देते. दिवाळीत तुझ्या बॅगेतून ‘नीलगडाच्या वाटा’चे पाचही भाग काढून मीच पेटीत कुलूपबंद केले. लातूरच्या क्लासचं तिसरं वर्ष, डॉक्टरकीची परीक्षा डोक्यावर, आणि पोरगी राक्षसांच्या गोष्टी वाचतेय, याचा राग आला होता. गेल्या महिन्यात, यात असं आहे तरी काय, म्हणून पहिला भाग उघडला आणि फसले. आता दुपारची भांडी तशीच पडलेली असतात आणि मी नीलगडावर असते.

तुझी ती रेवंती! काय बाई आहे गं! राजकन्या नाही, जादू येत नाही, साधी पुलाची राखणदार. राजालाही "जोडे काढून या, फळ्या ओल्या आहेत" असं तोंडावर सुनावते. चार माणसांचं जेवते आणि लाजतही नाही. तिच्यापुढे तो तलवारवाला राजपुत्र मला अगदीच मिळमिळीत वाटला. तुला तोच आवडत असणार असं मी धरून चालले होते, तर तुझ्या पेन्सिलीच्या खुणा सगळ्या रेवंतीच्याच पानांवर. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

तिसऱ्या भागात सगळं सैन्य जयघोष करत काळ्या दरवाजाकडे निघतं आणि ती मधेच थांबते. ही लढाई माझी नाही म्हणते आणि हजारो लोकांदेखत एकटी माघारी फिरते. लोक भेकड म्हणतात, पण ती मान खाली घालत नाही. मी पदर तोंडाला लावून रडत होते. तुझी आजी धावत आली, "कोण गेलं गं?" मी म्हणाले, "कुणी न्हाई ओ, परत आली." तेव्हापासून आजी रोज विचारते, "पोचली का ती घरी?"

पण मी त्या पानावर रडले ते एकट्या रेवंतीसाठी नाही. तिथे समासात तुझं बारीक अक्षर होतं, ‘मम्मीला कसं सांगू?’ खाली तारीख गेल्या गणपतीतली. डॉक्टरकीची ही लढाई तुझी नाही, हे तू इतके महिने मनात ठेवलंस, आणि डबा अर्धा परत येतो म्हणून मी इकडे भाज्या बदलत बसले. दोडका नको तर शेवगा, तिखट कमी, मग जास्त. चुकलं माझं, पोरी. पप्पांना सगळं सांगितलं. काल म्हणाले, "आण तिला. घर काय तिचं न्हाई का?" तर उद्या स्टँडवर डबा शोधू नकोस. डबा येतो त्याच गाडीनं मी येतेय, तुझ्या सामानासाठी रिकाम्या पिशव्या घेऊन. भरायच्या की नाही, ते तू ठरव. सहावा भाग महांतेशमामानं नांदेडहून आणून दिलाय. हात लई शिवशिवले, पण उघडला नाही. आधी तू वाच.

तुझीच, आणि आता थोडी रेवंतीचीही,
मम्मी