फोनमधली चिनी अक्षरं

अस्मिता,

मिहानमधल्या कंपनीतल्या नोकरीसाठी चिनी शिकतेस, शीक. पण तुझा फोन बिघडला म्हणून माझ्या फोनवर चिनी कीबोर्ड बसवलास, तो काढायचा कोणी? भिवापूरला गोपिकाच्या डोळ्याचं उद्या ऑपरेशन आहे. माझ्या या बहिणीला ऐकू येत नाही, म्हणून आम्ही लिहूनच बोलतो. "मी येते" लिहायला नेहमीच्या जागी बोटं ठेवली, तर चिनीच उमटलं आणि तसंच गेलं. तिचं उत्तर आलं, "बाई, अक्षरं विसरली काय वं?" साठीनंतर एका पाटीवर शिकलो आम्ही!

नऊच्या एसटीने निघाले. फोन इथेच ठेवला आहे, त्यात मराठी परत आण. तिच्या डोळ्यावर पट्टी बांधण्याआधी मी समोर बसून लिहून दाखवणार आहे.

आजी