पेन्सिलीच्या खुणेपर्यंत

१४ जानेवारी १९७३
यंत्र बसवायला आलेला जपानी इंजिनिअर आज परत गेला. जाताना व्हिस्कीची बाटली दिली. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सात केमिस्ट. दिली मला. माणसाची पारख.
पुढच्या हंगामात डिस्टिलरी सुरू होणार. तिथला मुख्य केमिस्ट मीच. ४ फेब्रुवारीला चेअरमन आबासाहेबांना घरी बोलावून या व्हिस्कीची चव शब्दांत सांगणार. तोवर तंबाखू बंद, मिरची बंद. दारूचं परमिट आहे. कुणाला भीत नाही.

१५ जानेवारी
आई म्हणाली, अमावास्येला बांधावरच्या म्हसोबाला पहिली धार घालावी लागेल. घरात येणाऱ्या बाटलीची पहिली धार त्याचीच. स्पष्ट नकार दिला. म्हसोबाला हातभट्टीची चालते, जपानी कळायची नाही.
लेबलावर पातळीशी पेन्सिलीने खूण केली. आईला दाखवली.

१८ जानेवारी, संध्याकाळी
अभ्यासासाठी एक टोपण. आधी धूर, मग नाशपाती. नाशपाती कधी खाल्लेली नाही, तरी ओळखली.
पातळी खुणेखाली गेली. विहिरीचं उकळलेलं पाणी खुणेपर्यंत भरलं. एका टोपणाने काय होतं.

२२ जानेवारी
आठ टोपणं. तंबाखू सुरू केली, तुलनेसाठी.
लॅबमधला राधाकृष्ण म्हणतो, डिस्टिलरीचं आबासाहेबांनी त्यालाही विचारलंय. त्याला ताक आणि मठ्ठा यातला फरक कळत नाही.

२९ जानेवारी
टोपण फार लहान. वाटी घेतली. पाण्याने सुवास खुलतो, असं कुठेतरी वाचलंय. म्हणजे मी ती सुधारतोच आहे. रंग किंचित फिका. जपानी रंग सौम्यच असतो.

३ फेब्रुवारी
अमावास्या. आई सकाळी पदराखाली काहीतरी झाकून बांधावर गेली. लगेच खूण पाहिली. पातळी तंतोतंत जागेवर. धाक असला की माणसं सरळ वागतात.

४ फेब्रुवारी
आबासाहेब आले. राधाकृष्णालाही घेऊन आले. मी ओतली. धूर, नाशपाती, शेवटी ओलं लाकूड, असं पाच मिनिटं सांगितलं. राधाकृष्ण पेल्यात बघत राहिला. आबासाहेबांनी एक घोट घेतला, मग दुसरा.
"मच्छिंद्र, पानी लई गोड हाय. कोणत्या विहिरीचं?"
जपानी दारू अशीच हलकी असते, असं मी सांगू लागलो. तेवढ्यात आई आतून बोलली.
"म्या फकस्त पळीभर काढली हुती, म्हसोबाला. तेवढंच पानी घातलं. बाकीचं मला ठाऊक न्हाई."
खूण जागेवर ठेवून चोरी. सख्खी आई. हा विषय मी सोडणार नाही.

६ फेब्रुवारी
ऑर्डर आली. डिस्टिलरीवर राधाकृष्ण. माझ्याकडे बॉयलरच्या पाण्याची तपासणी. उद्या लेखी निषेध देणार.
दुपारी पहिला नमुना घेतला. हे पाणी चाखायचं नसतं. तरी चाखलं.
धूर आहे. नाशपाती नाही.