अब्बांची भिंत

अब्बा,

परवा किकवीच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, जीपमागे ओढायची ही झोपायची गाडी तुम्हाला सुचली कशी? मी म्हटलं, वडिलांशी भांडून. त्याला गंमत वाटली, पण मी खरं तेच सांगितलं होतं.

आपल्या भोरच्या शेडमध्ये तेव्हा दुधाच्या टेम्पोची बॉडी बांधणं चाललं होतं. कॉलेज संपवून मी तुमच्या हाताखाली आले होते आणि अक्कल पाजळायची मला भारी हौस. मी सुचवलं की भिंत तळाच्या चौकटीवर उभी करण्यापेक्षा बाहेरून चौकटीच्याही खाली उतरवू आणि आडवे बोल्ट मारू, म्हणजे पावसाचं पाणी सांध्यात न शिरता खाली टपकेल. टेम्पोवाला समोरच बसला होता. तुम्ही डोळ्यांपुढची वेल्डिंगची काळी काच बाजूला केलीत आणि शांतपणे म्हणालात, "भिंत जमिनीवर उभी ऱ्हाती. लटकलेली भिंत कुठं बगितलीस तू?" टेम्पोवाला पोट धरून हसला. मला पटलं नव्हतं. आजही पटत नाही, आणि आता तुमच्यामागे शेड मीच चालवते, तेव्हा सांगून टाकते.

तुम्ही गेल्यावर अम्मीने घराबाहेर झोपणं सोडलं. हिर्डोशीला तिची मैत्रीण आहे, निरोपावर निरोप धाडते, पण अम्मीचं एकच: लोकांच्या घरी रात्र काढायची नाही. एसटी तरी तिकडे कितीशा जातात, गेलं की मुक्काम आलाच. दिवसभर ती तुमच्या खाटेजवळ बसून राहायची. मला ते बघवेना. म्हणून मी तिला म्हटलं, तू लोकांच्या घरी झोपू नकोस, आपलंच घर घेऊन जाऊ.

लोखंडी अँगलची चौकट केली, खाली धुरा आणि चाकं, वर प्लायचा तळ. बाजूच्या भिंती माझ्या पद्धतीने बाहेरून उतरवल्या, मधे रबराची पट्टी, आडवे बोल्ट, स्प्रिंग वॉशर. वरंध्याच्या घाटरस्त्याला चौकट पिळली तरी भिंत सुटायची नाही, याची मला खात्री होती. अम्मी रोज येऊन बघायची आणि परत खाटेजवळ जायची. एके दिवशी तिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या तुमच्या शेवटच्या कामाकडे बोट दाखवलं. गिऱ्हाइकाने न नेलेली, एका टेम्पोची मागची भिंत. म्हणाली, ही लावलीस तर येते. आणि वर अट, आत पाणी आलं तर पुन्हा कधी निघणार नाही.

तुमची भिंत उंचीला कमी. चौकटीखाली उतरवायला ती पुरतच नव्हती, चौकटीवरच उभी करावी लागली. तुमचंच खरं झालं म्हणायचं! सांध्यात सापडेल ते सगळं भरलं आणि ऐन श्रावणात आम्ही निघालो.

हिर्डोशीत दोन दिवस नुसती झड. सकाळी उठून मी माझ्या भिंतींच्या कडेने हात फिरवते, तळ खडखडीत कोरडा. मग अम्मीच्या उशाशी बघते. तुमच्या भिंतीखालून पाण्याची धार आत आलेली, तिच्या गोधडीचं टोक भिजलेलं. वाटलं, संपलं, आता ही परत खाटेजवळ जाऊन बसणार. अम्मीने जुनं फडकं घेतलं, कोपरा पुसला, फडकं दाराबाहेर पिळलं. "गळू दे. त्येंचंच हाय," ती म्हणाली, आणि मैत्रिणीकडे चहाला निघून गेली. त्यानंतर वेल्ह्याला गेलो, महाडला गेलो. दर पावसाळ्यात तीच आधी विचारते, कधी निघायचं.

आता माझ्या पद्धतीच्या गाड्या लोक सांगून करून घेतात. तुम्ही असता तर त्या ऑर्डरींचे कागद तुमच्यापुढे टाकले असते आणि तुम्हाला कबूल करायला लावलं असतं. आता कुणाला दाखवू? तुमच्या भिंतीचं गळणं थांबवायला बाहेरून पत्र्याची एक पट्टी लागेल, अर्ध्या तासाचं काम. अम्मीला मी सांगून ठेवलंय की ते दुरुस्त होण्यासारखं नाही. तिने शेडमध्ये उभं आयुष्य काढलंय, तिला सगळं कळतं. फडकं मात्र ती दर वेळी आठवणीने बरोबर घेते.