आबाजीच्या हद्दीतला समुद्र

चऱ्होली,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

व्याही मारुतराव यांना यशवंतरावाचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडं आम्ही आहोत तसे आहोत. तिकडं तुमचं ब्लडप्रेशर, विहीणबाईंचे गुडघे (विशेषतः गुडघे, का ते पुढं येईलच) आणि पिंपळे गुरवचं नळाचं पाणी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. चऱ्होली ते पिंपळे गुरव हे काही पत्र पाठवण्याइतकं अंतर नाही, फोनवरही भागलं असतं. पण तुमच्याकडं फोन आला की तो स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवायची पद्धत आहे, आणि मला जे सांगायचंय ते आपल्या दोघा व्याह्यांतलं आहे. म्हणून इंद्रायणी तांदळाच्या पोत्यात घालून हे पत्र पाठवतोय. पोतं तुम्ही स्वतः सोडा. (विहीणबाईंनी आधी सोडलं असेल तर त्यांना नमस्कार, आणि त्यांनी पुढचं वाचू नये ही नम्र विनंती.)

तर विषय बोटीचा. दिवाळीत चाकणच्या कंपन्या शटडाऊन घेतात, आमचा रविराज मोकळा असतो, आणि तुमची लेक, आपली योगिनीही वाकडच्या ऑफिसातून रजा काढतेय. मुंबईहून निघून गोव्याला आणि पुढं लक्षद्वीपला जाऊन येणाऱ्या मोठ्या बोटीवर दोघं गणराजला घेऊन निघालेत. दीड वर्षाच्या पोराला समुद्रात कशाला न्यायचं, असं मी विचारलं नाही, कारण ते आमच्या सौ. गोजाबाईनं आधीच विचारलं होतं आणि त्यानंतर दोन दिवस घरात कोण कुणाशी बोलत नव्हतं. बोटीवरच्या खोलीत खाली दोन पलंग, बाळाला एक कठड्याची खाट, आणि भिंतीतून उघडून खाली येणारा एक वरचा पलंग असतो. तो वरचा पलंग मोकळा आहे. पोराला दुपारी झोपवायला कुणीतरी मोठं माणूस सोबत पाहिजे, म्हणून योगिनीनं तुमच्याही घरी विचारलंय आणि आमच्याही. एक पलंग आणि दोन घरं, अशी ही गोष्ट आहे.

मला बोटीची हौस नाही हे आधीच लिहून ठेवतो. मला पोहता येत नाही, मासे खात नाही, आणि खारं वारं मला सोसत नाही. प्रश्न फक्त गणराजचा आहे. रोज दुपारी जेवण झालं की तो माझ्या पोटावर पालथा पडतो, माझ्या बंडीचं बटण मुठीत धरतो आणि झोपतो. तो उठेपर्यंत मला हलता येत नाही, पाणी पिता येत नाही, दारात कुणी आलं तर उठता येत नाही. त्या दुपारसाठी मी दिवसभर थांबलेला असतो. तो बोटीवर गेल्यावर मी ते पोट घेऊन घरात काय करू, एवढंच मला कळत नाही.

पण आधी खोली तर ठरली पाहिजे. त्यासाठी रविराज मला वाकडला एका टूर कंपनीच्या ऑफिसात घेऊन गेला. (तो एकटाच चालला होता, मी गाडीत आधीच बसलो होतो.) तिथल्या मोनिका नावाच्या मुलीनं तीन तऱ्हेच्या खोल्या सांगितल्या. एक बिनखिडकीची, तिथं गच्च अंधार असतो म्हणून पोरं लवकर झोपतात. एक बाल्कनीची, तिथं पोर झोपल्यावर आईबापांना बाहेर बसता येतं. आणि एक न उघडणाऱ्या खिडकीची, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची नसतील त्यांच्यासाठी. आता जमिनीच्या व्यवहारात माझे केस पांढरे झालेत, हे तुम्ही जाणताच. मी विचारलं, दार कुठल्या दिशेला आहे. ती म्हणाली, काका, बोट जिकडं वळेल तिकडं. म्हणजे सकाळी पूर्वाभिमुख घेतलेली खोली संध्याकाळी दक्षिणेकडं तोंड करून बसणार. मी म्हटलं, बरं, मग कोपऱ्याची द्या. ती म्हणाली, कोपऱ्याची सगळ्यात जास्त हलते, लहान मूल असलं की खालच्या मजल्यावरची आणि मधलीच घ्यावी. मारुतराव, आयुष्यभर मी लोकांना कोपरा घ्या, कोपरा घ्या म्हणून सांगत आलो आणि ती पोरगी माझ्याच तोंडावर मला मधला प्लॉट विकत होती. शेवटी मी साइट व्हिजिट मागितली. तिनं मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. व्हिडिओ बघून प्लॉट घेणाऱ्यांचं पुढं काय होतं ते मी चऱ्होलीत रोज पाहतो (त्यातल्या निम्म्यांना व्हिडिओ मीच दाखवलेला असतो), त्यामुळं मी खोलीची मापं लिहून घेतली आणि उठलो.

तुम्ही कंपनीत फिटर म्हणून नोकरी केलीत, माप म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडं घर बांधायचं तर आधी फक्की मारतात. पांढऱ्या भुकटीनं जमिनीवर भिंतींच्या रेघा ओढल्या, की घरातली बाई त्यात उभी राहून सांगते, ओटा इथं नको, देव तिथं पाहिजेत. नकाशावर जे दिसत नाही ते फक्कीत दिसतं. मी बंगल्याशेजारच्या मोकळ्या जागेत बोटीच्या खोलीची फक्की मारली, बाल्कनीसकट, इंचाचाही फरक नाही. आत दोन बाजा टाकल्या. न्हाणीच्या जागी पिंप ठेवलं. वरच्या पलंगासाठी रेघेला खेटून ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली आणि तिच्यात गोधडी अंथरली. रविवारी दुपारी सगळ्यांनी तिथं राहून बघायचं असं ठरलं. योगिनी आधी हसली, मग तिनं स्वतः टेप लावून बघितला, कारण गणराजची खाट टाकल्यावर न्हाणीचं दार उघडत नव्हतं.

फक्की पडली की गावाला एकच कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच चाकणला कामाला असलेले दोघं जण दारात, खोली कधी तयार होणार आणि बॅचलर चालतील का विचारायला. मी सांगितलं, ही बोटीवरची खोली आहे. ते म्हणाले, चालेल की, पाणी येतं ना? त्यांची समजूत काढतोय तोवर आबाजी आला. आबाजी म्हणजे माझा चुलत भाऊ. बांधापलीकडचं मेथीचं रान त्याचं. बांध कुठून जातो यावर आमचं तरुणपणापासून एकमत नाही, आणि माझ्या बाल्कनीची रेघ बांध ओलांडून वीतभर त्याच्या बाजूला गेली होती. तो कमरेवर हात ठेवून ती रेघ बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, आबाजी, ही बाल्कनी बोटीची आहे, सोमवारी पुसून टाकणार. मग त्यानं विचारलं, बाल्कनीच्या म्होरं काय हाय. मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, समुद्र.

“म्हंजी समुद्र माझ्या रानात?” आबाजी म्हणाला. “आन मला न इचारता?”

त्याचं म्हणणं असं, की सातबाऱ्यावर त्याच्या रानात मेथीची नोंद आहे, समुद्राची नाही. आज कागदावर समुद्र आला तर उद्या बोट येईल, परवा बोटीवाल्यांचा रस्ता जाईल. सरकारी मोजणी आणल्याशिवाय तो बाल्कनी होऊ देणार नव्हता. मी बाल्कनी मागं घ्यायला तयार होतो, पण मग खोली लहान होते, आणि खोली लहान केली तर ट्रायलला अर्थ काय? दोघांचाही आवाज चढला. अखेर गोजाबाईनं चहा आणून तोडगा काढला, की रविवारी आबाजीनं समुद्राचा मालक म्हणून जातीनं हजर राहावं. तो वेळेआधीच आला आणि मेथीत खुर्ची टाकून बसला.

आता ट्रायलचं लिहितो. गणराजला दूध पाजून बाजेवर ठेवलं. रविराज आणि योगिनी बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून चहा घेऊन बसले. पोर झाल्यापासून त्या दोघांना एका वेळी गरम चहा पिताना मी पाहिलं नव्हतं; याची शिफ्ट सुटते तेव्हा तिचा कॉल सुरू होतो आणि पोर दारातच याच्या हातातून तिच्या हातात जातं. ते दोघं मेथीकडं बघत असे बसले होते, की मला वाटलं, असू दे बाबा बाल्कनी, घ्या तीच. मी वरच्या पलंगावर होतो. (चाकावर पाय देऊन कुणाचाही हात न धरता चढलो, हे मुद्दाम कळवतो. उतरण्याचं नंतर लिहितो.) तेवढ्यात गणराज बाजेवरून उलटा सरकत खाली आला, दोघांच्या खुर्च्यांमधून वाकून गेला, फक्की पायानं पुसली आणि समुद्रात उतरला. चहाचे कप खाली ठेवेपर्यंत तो मेथीच्या मध्यावर पोचला होता. मी वरून ओरडत होतो, योगिनी पळत होती, पण आबाजीनं खुर्चीतून उठून त्याला उचललं. आणि मारुतराव, त्या पोरानं आबाजीच्या खांद्यावर मान टाकली, त्याच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं आणि तो झोपला.

खरं लिहितो, मी वर बसून माझ्या बंडीचं बटण चाचपलं. ज्या पोटावर तो रोज झोपतो ते पोट वर ट्रॉलीत होतं आणि पोरगं खाली परक्याच्या खांद्यावर. आबाजी तासभर तसाच उभा राहिला, हललासुद्धा नाही. आता तो गावभर सांगत फिरतोय, की यशवंताचा नातू समुद्रात चालला होता, म्या काढला. लोक त्याला कुठल्या समुद्रात असंही विचारत नाहीत.

तात्पर्य, बाल्कनी रद्द झाली. न उघडणाऱ्या खिडकीची, खालच्या मजल्यावरची, मधली खोली ठरली. आता राहिला वरचा पलंग. विहीणबाईंनी यावं अशी माझी मनापासून इच्छा होती, पण ट्रायल घेतलेला माणूस म्हणून सावध करणं माझं कर्तव्य आहे. शिडी उभी आहे. वर गेल्यावर छत नाकाला टेकतं. बोट हलते तेव्हा वरचं माणूस खालच्यापेक्षा जास्त हलतं, असं माझं स्वतःचं अनुमान आहे. अशा ठिकाणी गुडघ्यांचं दुखणं असलेल्या बाईला चढवणं मला तरी बघवणार नाही. बाकी तुम्ही सुज्ञ आहात. विहीणबाईंना नमस्कार, तांदूळ जुना आहे, पाणी थोडं जास्त घाला.

तुमचा,
यशवंतराव

ता. क. योगिनीला फोन कराल तेव्हा विहीणबाईंच्या गुडघ्यांचं सांगून झाल्यावर, आपणहून सुचल्यासारखं, माझं नाव घ्या. मी स्वतः घेतलं तर बरं दिसत नाही. माझी बॅग भरून झालीय. कानटोपीही घेतलीय.

आणखी ता. क. घोटाळा झाला. पोत्याचं तोंड शिवायला गोजाबाई बसली आणि तिच्या हाती हे पत्र लागलं. वाचून तिनं ते माझ्या हातात दिलं. बाहेर गेली, पदर खोचला, सरसर ट्रॉलीत चढली, सरसर उतरली, आणि वरच्या पलंगावर आपण जाणार असं सांगून चुलीकडं गेली. तेव्हा वरचं सगळं विसरा. विहीणबाईंचे गुडघे आजपासून ठणठणीत आहेत असं योगिनीला ताबडतोब कळवा. विहिणीचा मान असताना गोजाबाई पाऊल पुढं टाकणार नाही. मग शिडी बघून विहीणबाई ऐनवेळी माघार घेतील, आणि मी बंदरावर पोचवायला आलेलाच असेन, बॅग घेऊन.

शेवटचं ता. क. शिवलेलं पोतं उसवून लिहितोय. आत्ता योगिनी ऑफिसातून आली आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, “बाबा, तुम्ही नसलात तर तो बोटीवर कुणाच्याही खांद्यावर झोपेल. मला ते चालणार नाही.” तिनं रविवारी रात्रीच मोनिकाला फोन करून मधे दार असलेल्या दोन खोल्या शेजारीशेजारी घेतल्यात. एकीत ते तिघं, दुसरीत आपण चौघं, दोन्ही घरचे. मारुतराव, मी नुसतीच मान हलवली आणि डोळे पुसायला बाहेर आलो.

पण आपल्या खोलीत खाली दोन पलंग आणि वर दोन आहेत. खालचे बायकांना, असं गोजाबाईनं जाहीर केलंय. म्हणजे वरचे आपल्या दोघांना. तेव्हा ट्रॉलीतून उतरण्याचं राहिलेलं आता लिहावंच लागतं. रविवारी मी उतरलो नाही. मला उतरवलं. पाय चाकापर्यंत पोचेना, गुडघा वाकेना, म्हणून रविराजनं ट्रॅक्टर सुरू करून हायड्रॉलिकनं ट्रॉली उचलून तिरकी केली, आणि मी गोधडीसकट घसरत थेट आबाजीच्या समुद्रात गेलो. बोटीवर अशी काही सोय नसते, हे मी मोनिकाला विचारून घेतलंय. तर विहीणबाईंचं राहू द्या, तुमचे गुडघे कसे आहेत ते मला खरं खरं कळवा. उत्तर रिकाम्या पोत्यात घालून पाठवा, पण पोत्याचं तोंड तुम्ही स्वतः शिवा.