माशांनी पास केलेला माल

ती. दाजींना रंगाने बरबटलेल्या हातांनी केलेला नमस्कार,

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमच्याकडचं सूत वेळेवर पोचलं. (यंदा गाठी कमी निघाल्या, म्हणजे ताई स्वतः लक्ष घालते आहे हे ओळखलं.)

इकडचं मात्र काही विचारू नका. आपले टॉवेल ज्या देशात जातात तिथल्या सरकारने नवा कायदा केला, की ज्या कारखान्याच्या पाण्याने नदी नासते त्याचा माल बंदरातूनच परत. तपासणीच्या बाई आल्या, सगळीकडे फिरल्या आणि म्हणाल्या, साफ केलेलं पाणी ज्या शेवटच्या हौदात येतं तिथे मासे सोडा; मी परत येईन तेव्हा ते जिवंत दिसले तरच माल जाईल. माझं डोकंच फिरलं. आमचा धंदा आता माशांच्या मर्जीवर? पण माल अडला असता तर कारखान्याला कुलूप लागलं असतं, म्हणून या अडल्या हरीने माशांचे पाय धरले (नसले तरी).

माशांची पहिली खेप दुपारपर्यंत उताणी झाली. आमचे रंगारी काका, ज्यांनी माझ्या वडिलांनाही कधी जुमानलं नाही, त्यांनी मुकाट्याने जुना हिरवा रंग बंद केला. "त्यांना मानवत नाही," एवढंच म्हणाले. (कोणाला, हे कळायला मला जरा वेळ लागला.) गाळण्या बदलल्या, दुसरी खेप जगली. मग हौदाला हवेचा पंप बसवला, तर धुलाईवाल्या मावशी कमरेवर हात ठेवून समोर उभ्या. "माशांना हवा, आणि आम्ही वाफेत शिजतोय त्याचं काय?" पंखे आले, खिडक्या मोठ्या झाल्या. आता जेवणाच्या सुट्टीत सगळे हौदाच्या काठावर गप्पा मारत बसतात आणि, खोटं कशाला बोलू, मीही बसतो. काल बाई येऊन गेल्या. माल पास झाला, दाजी! आनंद पोटात मावत नाही.

तुमचा मेहुणा

ता.क. सुखी मासे पुढे काय करतात, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. हौदात आता पाण्यापेक्षा पिल्लं जास्त झाली आहेत. खाण्याचं नाव काढलं तर अख्खा कारखाना संपावर जाईल. तेव्हा शनिवारी टेम्पोने पिंपं पाठवतोय, तुमच्या विहिरीत सोडा. (विचारत नाही, कळवतोय.)

आणखी एक ता.क. तळलेल्या माशावर तुमचा किती जीव आहे हे सगळ्या नात्यागोत्यात ठाऊक आहे. म्हणून रंगारी काका अधूनमधून येऊन विहिरीत डोकावतील. मासे दिसले तरच तुमचं सूत घेऊ. चिडू नका, मीही आधी चिडलोच होतो. आणि ताई सुताच्या खोलीत जिथे बसते तिथे पंखा लावून घ्या. काका तेही बघणार आहेत.