सात पावलं आणि पस्तीस मीटर

६ नोव्हें., गुरुवार
डार्ट गन, बिबट्याला भुलीचं इंजेक्शन मारायची बंदूक, दुरुस्तीहून आली. दस्ता नवा बसवलाय, नळी सरळ आहे. स्कोप, म्हणजे वरची नेमाची दुर्बीण, गेला. पुढची काच तडकलेली. तो वेगळ्या पिशवीत घालून पाठवलाय त्यांनी. पिशवी उघडली नाही.
रेस्क्यू टीम देवरे सरांची, तेव्हा ठरवायचं त्यांनी. पण म्हणाले, "मॅडम, बंदूक तुम्ही चालवता, स्कोपही तुम्हीच निवडा. जवळ बिबट्या असला तरी चालला पाहिजे आणि पस्तीस-चाळीस मीटरवर असला तरी. दर वेळी बदलत बसायला नको."
बरं म्हटलं. दवाखान्यात दिवसभर कुत्री-मांजरं.  

८ नोव्हें., शनिवार
गंगापूर रोडच्या पुढे सुभेदार बोरस्तेंची शूटिंग रेंज. फौजेतून निवृत्त, आता पोरापोरींना एअर रायफल शिकवतात. तीन स्कोप काढून ठेवले होते माझ्यासाठी.
पहिला जुन्यासारखाच, तीन ते नऊ पट. लांबचं सुरेख दिसतं.
दुसरा रेड डॉट. काचेत नुसता लाल ठिपका, मोठं करून काही दाखवत नाही. जवळ झटकन लागतो. पण माझ्या डोळ्यांना नंबर तिरपा, ठिपका चांदणीसारखा फुटतो. आणि पस्तीस मीटरवर झुडपामागे मांडी कुठली, पोट कुठलं, कळणार नाही. डार्ट पोटात गेला तर जनावर मरायचं.
तिसरा एक ते चार पट. सुभेदार म्हणाले, "हा घ्या. एकवर ठेवलात की काच नसल्यासारखंच दिसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून मारता येतं."
दोन्ही डोळे. त्यांना काही माहीत नाही, सहज बोलले. मी पाणी प्यायला बाहेर गेले.
तिन्ही घरी आणलेत. आठवडाभर बघते म्हटलं.

९ नोव्हें., रविवार
आज लिहूनच टाकते. ऑगस्टमध्ये जे झालं त्याबद्दल इथं अजून एक अक्षर नाही.
दिंडोरीकडचा द्राक्षबाग. बिबट्या आधी बांधावर होता, लांब. नीट दिसावा म्हणून स्कोपची रिंग फिरवून नऊवर नेली, नऊ पट मोठं. नेम धरेपर्यंत तो उठला आणि पॅकिंगच्या शेडमध्ये शिरला, क्रेटच्या मागे. आम्ही पळालो. आमच्या माग काढणाऱ्या रामदासला जाळी घेऊन दाराशी उभं केलं. मीच केलं. "मी सांगेपर्यंत हलू नका." मी खिडकीशी. बिबट्या सात पावलांवर.
बंदूक खांद्याला लावली, तर काचेत नुसतं पिवळं. ना कडा, ना पाय, ना डोकं. वाटलं, काचेवर वाफ धरली. ओढणीनं पुसली. पुन्हा पिवळंच.
तेवढ्यात त्यानं दाराकडे झेप घेतली.
रामदास हलला नव्हता. मी सांगितलं नव्हतं ना.
उजवा डोळा गेला त्याचा. गाल, कान, खांदा, सगळे मिळून एकेचाळीस टाके. माझ्या हातून बंदूक पडली ती तेव्हाच. नंतर गाडीत बसल्यावर पाहिलं, रिंग नऊवरच होती. फिरवून तीनवर आणली. कोणी पाहिलं नाही.
रिपोर्टमध्ये लिहिलं, काचेवर वाफ. सरांनी विश्वास ठेवला. सगळ्यांनीच.

१२ नोव्हें., बुधवार
पेठच्या पुढे रामदासच्या गावी. नऊ वर्षं आम्ही बरोबर आहोत, त्याच्या घरी मी तिसऱ्यांदाच गेले. माग त्यानं काढायचा, डार्ट मी मारायचा. ओल्या मातीतला पंजा बघून मादी की नर, कधी गेली, सगळं सांगायचा. आता अंगणात खाटेवर, डोळ्यावर पांढरी पट्टी. उगाच हसला.
त्याच्या बायकोनं, यमुनानं, नागलीची भाकरी वाढली. उडदाचं पिठलं. खाल्लं.
रा. म्हणाला, "मॅडम, माझंच चुकलं. जाळी जरा वर धरली असती तं... मी भ्यालो असंल. हात उचललाच नाय."
"असं नका म्हणू."
"नाय, खरं ते खरं. टीममधी मी नाय येणार आता. दुसऱ्याचा जीव जाईल माझ्यापायी."
यमुना गाडीपर्यंत आली. "दिवसातून धा वेळा हेच, मॅडम. जेवताना पण. मी म्हणते, जनावराचं काय खरं? ऐकतच नाय. तुम्ही समजावा ना, तुमचं ऐकतो तो."
खरं सांगायला म्हणूनच गेले होते. अंगणात शिरेपर्यंत नक्की होतं.
येताना घाटात गाडी बाजूला घेऊन बसले थोडा वेळ. मग आले.

१५ नोव्हें., शनिवार
रामदास डोळ्याच्या तपासणीला नाशिकला आला होता. नकली डोळ्याचं माप घेतलं. तिथून मी रेंजवर नेलं. कशाला नेलं? स्कोप निवडायला मदत होईल, असं त्याला म्हटलं. स्वतःलाही तेच.
सुभेदारांनी खुर्ची दिली. रा.ने बंदूक डाव्या खांद्याला लावली, डावा डोळा काचेला. अवघडलेला, पण हात स्थिर. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.
आधी एक ते चारवाला. "हा चांगला हाय. बाजूचं पण दिसतं."
मग तीन ते नऊवाला. रिंग फिरवत फिरवत नऊवर नेली. समोर पाच-सात पावलांवर पोत्यांची थप्पी, तिच्यावर धरला.
"ह्याच्यात तं काहीच नाय दिसत, मॅडम. नुसतं पोतं. कुठलं पोतं ते पण कळत नाय."
तो आपलं स्कोपबद्दल बोलत होता.
मी म्हटलं, "रामदास, त्या दिवशी माझी रिंग नऊवर होती."
त्यानं बंदूक खाली ठेवली नाही लगेच.
"वाफ नव्हती?"
"नव्हती. मी रिंग फिरवायची विसरले. तुम्ही बरोबर उभे होतात. मी सांगितलं तिथंच."
"आन् तुम्हाला कवा कळलं?"
"त्याच दिवशी. गाडीत."
बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं त्यानं. महिने असतील. मग बंदूक टेबलावर नीट ठेवली, नळी भिंतीकडे करून, नेहमीसारखी. म्हणाला, "मला स्टँडवर सोडा."
 वाटेत मी दोनदा माफी मागितली. तो खिडकीतून बघत होता. माझ्या बाजूला पट्टी होती. चेहरा दिसला नाही.

१७ नोव्हें., सोमवार
देवरे सरांना सगळं सांगितलं. रिपोर्ट नव्यानं लिहून दिला.
खूप वेळ वाचत होते. दीडच पान आहे. "मॅडम, तीन महिने झाले. आता हे लिहून कोणाचं भलं होणार?"
"रामदासनं घाबरून चूक केली, असं टीममध्ये सगळे धरून चाललेत. तोही."
"आणि बंदूक? दुसरं कोण आहे आपल्याकडे?"
कोणी नाही. औषधाचा डोस ठरवणार मी, मारणार मी. काढा मला म्हणावं तर उद्या फोन आल्यावर जायचं कोणी? न म्हणावं तर...
सरांनी रिपोर्ट फाईलला लावला. रागावले असते तर बरं झालं असतं. चहा मागवला.
एक ते चारवाला नक्की केला. बाकीचे दोन सुभेदारांकडे परत. नियम : रिंग कायम एकवर. लांबचं बघायचं असलं तर फिरवायची, बघून झालं की परत एकवर आणायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "एक." शेजारच्यानं ऐकून "एक" म्हणायचं.
एवढंच तर करायचं होतं.

२१ नोव्हें., शुक्रवार
सकाळी दहाला फोन. दिंडोरी तालुका, कांद्याच्या चाळीत बिबट्या शिरलेला. वनखात्याची माणसं आधीच पोचली होती, गर्दी लांब ठेवली होती.
"एक." "एक."
नऊ मीटर. दोन्ही डोळे उघडे. पूर्ण मादी दिसली, कानापासून शेपटीपर्यंत, आणि मागचा कांद्याचा ढीगही. डार्ट मांडीत. बारा मिनिटांत झोपली. दात पाहिले, तरुण आहे. श्वास चांगला. पिंजऱ्यात घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
जाळी नितीननं धरली होती. एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी, पाळी नसेल तेव्हा आमच्याबरोबर येतो. घाम पुसत आला आणि म्हणाला, "मॅडम, मी बरोबर उभा होतो ना?"
हो म्हटलं आणि जीपच्या मागे गेले. बराच वेळ तिथंच होते. सरांनी हाक मारली नाही, कुणाला येऊही दिलं नाही.
बांधावर पंजे उमटले होते. बघावे कसे ते इतक्या वर्षांत मी शिकलेच नाही, तो होता म्हणून.

२५ नोव्हें., मंगळवार
दुपारी यमुनाचा फोन. आपणहून.
"‘माझंच चुकलं’ असं आता म्हणत नाय तो," म्हणाली. "जेवतो. भात झोडायला पण आला काल."
बरं वाटलं म्हणाले.
"तुमचं नाव पण घेत नाय."
 मागे भात झोडल्याचा आवाज येत होता, मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला. तोच असेल.
"तुम्ही मला पण नाय सांगितलं," ती म्हणाली. "त्या दिवशी भाकरी खाऊन गेलात."
"हो."
"त्याला मी काय काय बोलले माहीत हाय का? भित्रा म्हटलं एकदा. त्याला."
मी विचारलं, भेटायला येऊ का?
"इतक्यात नको, मॅडम. मी सांगंन तवा."
सोमवारी नकली डोळा बसवणार आहेत. गाडी पाठवते म्हटलं.
"नको. आम्ही यष्टीनं जाऊ."
सोमवारी सकाळी दवाखान्यात कोणाला बोलावलेलं नाही. डोळ्यांच्या हॉस्पिटलात जायचं की नाही, अजून...